कंडेन्सर नसलेला पंखा

२०१८ च्या एप्रिलमधली दुपार होती. बार्शीतली एप्रिलची दुपार म्हणजे रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आणि आमच्या दुकानात मात्र उभं राहायला जागा नसते. लोक जळालेले पंखे पोत्यात घालून, मोटरसायकलला बांधून आणतात, आणि प्रत्येकाला आपला पंखा आजच रात्री फिरायला हवा असतो. भगवंताच्या देवळाच्या जवळच्या बोळात आमचं वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून देण्याचं, दुकान आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, १९८६ पासून तिथे बसतात.

त्या दुपारी झेडपीच्या शाळेतले एक गुरुजी पंखा घेऊन आले. पांढरा, चकचकीत, अजून वर्षाचाही झाला नव्हता. अण्णांनी सवयीनं वरची वाटी सरकवली. बंद पडलेल्या पंख्याचा कंडेन्सर आधी बघायचा, हा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता. दहातल्या सहा पंख्यांना तेवढंच झालेलं असतं: अडीच एमएफडीचा कंडेन्सर बदलला, की पंखा पळतो. वाटीत त्यांनी बोट फिरवलं, बॅटरी मारून बघितलं, मग चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं.

"ह्याला कंडेन्सरच न्हाय," ते म्हणाले.

बत्तीस वर्षांत असा पंखा त्यांच्या हाती आला नव्हता. त्यांनी स्क्रू सोडून बॉडी उघडली. आत स्टेटर, म्हणजे तारेच्या कॉइल गुंडाळलेला न फिरणारा भाग, होता, पण कॉइलची मांडणी ओळखीची नव्हती. बाहेर आलेल्या तारा तीन. वरच्या झाकणाच्या आतल्या कडेला काळ्या चुंबकाच्या पट्ट्या गोलाकार चिकटवलेल्या. आणि एक हिरवी सर्किटची पट्टी, बोटभर उंचीचे भाग लावलेली. अण्णा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पंख्यावर फडकं टाकलं आणि मला म्हणाले, "हे तुझं काम दिसतंय गं."

मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक केलंय. तोवर दुकानाच्या कोपऱ्यात माझं छोटं टेबल होतं, त्यावर मोबाईलचे चार्जर, सेट-टॉप बॉक्स आणि एलईडी बल्ब यायचे. पंखा हे अण्णांचं राज्य होतं. त्या दिवशी पहिल्यांदा पंखा माझ्या टेबलावर आला, आणि तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात घोळते आहे, तीच आज सविस्तर लिहायची आहे. इतकं अवघड यंत्र कंपन्यांनी आमच्यासारख्यांच्या छतापर्यंत आणलं कसं, आणि आणताना काय सांभाळलं, काय राहून गेलं.

आधी जुना पंखा सांगते, कारण त्याच्याशिवाय नव्याचं मोल कळत नाही. आपल्या छतावरचा साधा पंखा म्हणजे इंडक्शन मोटर. आपण नेहमी भरतो त्या पंख्यात आतल्या बाजूला चौदा कॉइल, बाहेरच्या बाजूला चौदा कॉइल. एक रनिंग, एक स्टार्टिंग. घरातली वीज एका फेजची, तिच्यानं चुंबकीय क्षेत्र नुसतं मागंपुढं होतं, गोल फिरत नाही. कंडेन्सर स्टार्टिंगच्या कॉइलमधली वीज थोडी पुढे सरकवतो आणि त्या दोघींच्या चढाओढीतून फिरतं क्षेत्र तयार होतं. ५० हर्ट्झच्या विजेवर चौदा पोलचं, म्हणजे चौदा चुंबकी टोकांचं, क्षेत्र मिनिटाला ४२८ फेरे मारतं. पंखा मात्र त्याच्या मागेच राहतो, साडेतीनशे-पावणेचारशेच्या आसपास. तो मागे राहायलाच हवा, कारण मागे राहिला तरच रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, वीज उपजते आणि त्या विजेचंच चुंबक होऊन रोटर ओढला जातो. म्हणजे फिरण्यासाठी लागणारं चुंबक हा पंखा दर क्षणाला नव्यानं, विजेतून तयार करत असतो. त्याचा खर्च उष्णतेच्या रूपानं जातो. बारा तास चाललेल्या जुन्या पंख्याच्या बॉडीला हात लावून बघा. ती ऊब म्हणजे आपल्या बिलातले पैसे आहेत.

एवढं असूनही ते यंत्र फार गुणाचं. त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही. तांब्याची तार, लोखंडाचं स्टॅम्पिंग, दोन बेअरिंगं, एक कंडेन्सर. कॉइल जळाली तर अण्णा नुसत्या वासावरून सांगतात, तार जळाली की वार्निशच तापलंय. जुनी तार तोडायची, स्लॉटमध्ये नवा कागद घालायचा, ३६ गेजची तार भरायची, वार्निश मारून वाळवायची, की पुढची दहा वर्षं बघायला नको. तुटलेली तारसुद्धा भंगारात तांब्याच्या भावानं जाते. असा पंखा देशातल्या कुठल्याही गावात, कुठल्याही टपरीवर दुरुस्त होतो.

आता नवा. ह्याला बीएलडीसी म्हणतात, ब्रशलेस डीसी मोटर. तत्त्व मुळीच नवं नाही. कॉम्प्युटरच्या डब्यात फिरणारा तळहाताएवढा पंखा, हार्ड डिस्कची तबकडी फिरवणारी मोटर, ह्या सगळ्या त्याच जातीच्या. आयटीआयमध्ये आम्ही कॉम्प्युटरचा असाच एक पंखा उघडला होता. सरांनी विचारलं होतं, एवढी चांगली मोटर आहे तर घरच्या पंख्याला का नाही लावत? आमच्यातल्या एकानं उत्तर दिलं, "परवडत नाही, सर." उत्तर बरोबरच होतं.

ह्या मोटरमध्ये चुंबक तयार करावं लागत नाही, ते रोटरवर चिकटवलेलंच असतं. म्हणून तो मोठा खर्च वाचतो. पण त्याच्या बदल्यात दुसरं काम डोक्यावर येतं. कायमचं चुंबक नुसतं क्षेत्र फिरवलं म्हणून त्याच्या मागे येत नाही. ते आत्ता नेमकं कुठे आहे हे बघून, त्याच्या पुढच्या कॉइलमध्ये बरोबर त्या क्षणी वीज सोडावी लागते. तीन कॉइल-संच, तीन तारा, आणि एका सेकंदात शेकडो वेळा अदलाबदल. हे करायला एक छोटी चिप आणि सहा इलेक्ट्रॉनिक स्विच लागतात. त्याआधी घरातली २३० व्होल्टची एसी वीज डीसी करून खाली उतरवायला मोबाईलच्या चार्जरसारखा पॉवर सप्लाय लागतो. म्हणजे जुन्या पंख्यात एक कंडेन्सर जे काम निमूटपणे करत होता, त्या जागी एक अख्खा मेंदू बसवावा लागतो. एवढं सगळं बसवून पंखा तीन हजारांच्या आसपास विकायचा, आणि तोही अशा माणसाला, ज्याला चौदाशे-पंधराशेचा पंखा महाग वाटतो!

आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या मनोज मीना आणि सिबब्रत दास ह्या दोघांनी हे मनावर घेतलं. त्यांची कंपनी ॲटमबर्ग, सुरू झाली २०१२ मध्ये. पंखा बाजारात आला २०१५ मध्ये, पूर्ण वेगात २८ वॅट खाणारा. नेहमीचा पंखा ७५ वॅट खातो. पुढे जुन्या मोठ्या पंखेवाल्या कंपन्याही एकामागून एक त्याच वाटेनं आल्या. क्रॉम्प्टन, ओरिएंट, उषा, हॅवेल्स, सगळ्यांचे बीएलडीसी पंखे आज आमच्या शेजारच्या दुकानात लटकलेले दिसतात.

परवडण्याजोगा कसा झाला, ते मी पंखे उघडून उघडून शिकले. पहिली गोष्ट चुंबक. ताकदवान चुंबक म्हणजे निओडिमियम, पण ते महाग. माझ्या टेबलावर आलेल्या बहुतेक पंख्यांत साधं काळं फेराइट असतं, स्पीकरच्या मागे असतं ते. त्याची ताकद कमी, म्हणून ते जास्त जागा घेतं. पण छताच्या पंख्याची मोटर मुळात थाळीएवढी रुंद, जागेची काय कमतरता? जिथे जागा फुकट आहे तिथे स्वस्त चुंबक चालतं. हे ज्याला सुचलं त्याचा मला आदर वाटतो. कारण खर्च वाचवताना त्यानं पंख्याच्या कामातून काही काढून घेतलं नाही.

दुसरी गोष्ट आणखी सुंदर आहे. चुंबक कुठे आहे हे कळायला कॉम्प्युटरच्या पंख्यात सेन्सर असतो. छताच्या पंख्यात सहसा तोही काढून टाकलेला असतो. तीनपैकी दोन तारांत वीज चालू असते तेव्हा तिसरी रिकामी असते. चुंबक त्या रिकाम्या कॉइलवरून गेलं, की तिच्यात बारीकसं व्होल्टेज उमटतं. चिप ते वाचते आणि त्यावरून ओळखते, चुंबक आत्ता इथं आहे. म्हणजे जी मोटर फिरवायची आहे, तिलाच विचारायचं, की बाई तू कुठं आहेस? सेन्सरचे पैसे वाचले, त्याच्या तारा वाचल्या, आणि तापून बिघडणारा एक भागही कमी झाला.

तिसरी गोष्ट कंपनीच्या हातातली नाही. ही चिप, हे स्विच, हा पॉवर सप्लाय स्वस्त झाले ते मोबाईलच्या चार्जरमुळे, खेळण्यांमुळे, वॉशिंग मशीनमुळे, इन्व्हर्टर एसीमुळे. दुसऱ्या धंद्यांनी कोट्यवधी भाग विकत घेऊन त्यांची किंमत खाली आणली होती. पंखेवाल्यांनी ती तयार स्वस्ताई योग्य वेळी उचलली. दहा वर्षं आधी हाच पंखा कुणी केला असता तर तो श्रीमंतांच्या दिवाणखान्यातच राहिला असता.

आता सोपेपणाविषयी, कारण मला त्याचं जास्त कौतुक आहे. गुरुजींचा तो पंखा पुन्हा टांगायला मी स्वतः त्यांच्या घरी गेले होते. छताचा हूक तोच. डाऊन रॉड तसाच, शॅकल तसंच, पाती ४८ इंची, तीनच. छतातून आलेल्या तारा दोन, त्याच दोन. ज्या वायरमननं आयुष्यात इलेक्ट्रॉनिक्सचं पुस्तक उघडलं नाही, तो वीस मिनिटांत हा पंखा लावतो आणि खाली उतरतो. आतला सगळा गुंता कंपनीनं आपल्याकडे ठेवला आणि बाहेर फक्त दोन तारा सोडल्या. घरातलं वायरिंग बदला, नवा स्विच बसवा, असं म्हटलं असतं तर आमच्या भागात एकही पंखा खपला नसता.

एका ठिकाणी मात्र ते चुकले होते, रेग्युलेटरच्या बाबतीत. हा पंखा सहसा रेग्युलेटरवर चालवायचा नाही. रेग्युलेटर येणारी वीजच तासतो, आणि आतल्या सर्किटला पुरेशी वीज हवी असते. म्हणून सोबत रिमोट आला. शहरात लोकांना रिमोट आवडला असेल. आमच्याकडे पहिली दोन वर्षं रिमोटनं लोकांना रडवलं. वैरागला माझी आत्या राहते, वय पंचाहत्तर. तिच्या मुलानं हौसेनं असा पंखा लावला. रात्री गार वारं सुटलं की आत्या उठायची, भिंतीवर रेग्युलेटर चाचपायची, तो नसायचा. रिमोट कधी उशीखाली, कधी नातवाच्या दप्तरात. शेवटी तिनं तो सुतळीनं बाजेच्या पायाला बांधला. मी गेले तेव्हा ती म्हणाली, "तुमी म्हणता सोपं झालंय. माझं तर जास्त अवघड झालं, बाई. मला नुसता कान पिरगाळायचा व्हता त्याचा."

आत्याचं म्हणणं मी विसरले नाही. कान पिरगाळणं! पुढे काही पंख्यांत एक सोय आली. भिंतीवरचं साधं बटण झटकन बंद करून चालू केलं की वेग एक पायरी बदलतो. रिमोट हरवला तरी काम अडत नाही. त्यासाठी एक रुपयाचाही नवा भाग लागत नाही, चिपमधल्या आज्ञावलीत दोन ओळी वाढतात. कुणीतरी कुठल्यातरी म्हाताऱ्या माणसाचं गाऱ्हाणं मनापासून ऐकलं असणार, म्हणूनच हे घडलं. आत्याला मी असा पंखा लावून दिला. तिला "टक-टक" एवढंच शिकवावं लागलं.

असंच एक गाऱ्हाणं सुरुवातीला रोज यायचं: "ताई, पंखा सुरू करताना उलटा फिरतो. मोटर गेली का?" मोटर गेलेली नसते. थांबलेल्या पंख्याच्या रिकाम्या कॉइलमध्ये व्होल्टेज उमटत नाही, त्यामुळे चुंबक कुठे आहे ते चिपला कळत नाही. म्हणून ती आधी एका ठरावीक जागी चुंबक खेचून घेते आणि मग तिथून सुरुवात करते. त्या खेचण्यात पंखा कधी किंचित मागे झटका घेतो. पहिल्यांदा बटण दाबून गुरुजींच्या खोलीत तो झटका बघितला तेव्हा मलाही धस्स झालं होतं. आता गिऱ्हाइकाला मी सांगते, बैल जुंपताना जसा आधी मागे सरकतो, तसं आहे ते. लगेच पटतं.

पैशाचं गणित मी दुकानात पाटीवर लिहून ठेवलंय. ७५ मधून २८ गेले, ४७ वॅट राहिले. रोज बारा तास पंखा चालला तर दिवसाला अर्ध्या युनिटपेक्षा थोडं जास्त, महिन्याला सतरा युनिट. थंडीचे तीन महिने सोडले तर वर्षाला दीडशे युनिट, एका पंख्यामागे. घरात तीन पंखे असतील आणि वापर शंभर युनिटच्या वर जात असेल, तर वाचलेली युनिटं वरच्या महाग टप्प्यातली असतात, हे लोक विसरतात. किंमतीतला फरक साधारण दीड-दोन वर्षांत फिटतो. ज्याच्याकडे पंखा दिवसाला दोनच तास चालतो, त्याला मी स्पष्ट सांगते, तुमचा जुनाच ठेवा, अण्णा भरून देतील.

पण खरं सांगायचं तर आमच्याकडे पंखा खपला तो बिलामुळे नाही, भारनियमनामुळे. इन्व्हर्टरवर तीन जुने पंखे म्हणजे २२५ वॅट. तीन नवे म्हणजे ८४. तीच बॅटरी रात्री दुपटीहून जास्त वेळ पुरते, आणि तान्हं लेकरू असलेल्या घराला त्याची किंमत सांगावी लागत नाही. वस्तीवरच्या लोकांना दुसराच गुण आवडला. संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं. १७० पर्यंत उतरलेलं मी स्वतः मोजलंय. जुना पंखा तेव्हा मरगळल्यासारखा फिरतो. नव्याला वरून किती व्होल्टेज येतंय ह्याच्याशी देणंघेणं नाही, आतला सप्लाय हवं तेवढं काढून घेतो, पंखा त्याच वेगानं पळतो. एका शेतकऱ्यानं मला विचारलं होतं, "ह्यात स्टॅबिलायझर हाय का?" एका अर्थी आहेच की.

स्वस्ताई एकट्या कंपनीच्या जिवावर येत नाही, हे मला एलईडी बल्बांनी शिकवलं होतं. निळ्या एलईडीचा शोध लावणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा ह्या तिघांना २०१४ मध्ये नोबेल मिळालं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला आपल्याकडे सरकारी घाऊक खरेदीत एका बल्बचा भाव ३१० रुपये होता. जानेवारी २०१५ मध्ये स्वस्तात एलईडी बल्ब देणारी सरकारची उजाला योजना सुरू झाली, कोट्यवधी बल्बांची एकगठ्ठा मागणी निघाली आणि दोन-तीन वर्षांत तोच भाव ३८ रुपयांवर आला. महावितरणच्या ऑफिसबाहेर बिल दाखवून बल्ब घ्यायची रांग मी बघितली आहे, मीही त्या रांगेत होते. पंख्यांच्या बाबतीत असा धक्का १ जानेवारी २०२३ ला बसला. त्या दिवसापासून छताच्या पंख्यावर ताऱ्यांचं लेबल सक्तीचं झालं. एका वॅटमागे मिनिटाला किती हवा ढकलतो ह्यावर तारे मिळतात, आणि आज पाच तारेवाला पंखा उचलला तर तो बहुतेक बीएलडीसीच निघतो. पूर्वी दुकानदार सांगेल ते खरं मानावं लागायचं. आता निरक्षर माणूसही तारे मोजतो.

इथवर सगळं कौतुक झालं. आता जे मला सलतं ते.

गेल्या वर्षी जूनमध्ये एक बाई पंखा घेऊन आल्या. शिवणकाम करतात, एकट्या आहेत. पैसे साठवून पंखा घेतलेला, तीन वर्षं झालेली. वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि पंखा थांबला तो थांबलाच. कंपनीच्या केंद्रात सांगितलं, वॉरंटी संपली, ह्या मॉडेलचं कार्ड, म्हणजे आतली सर्किटची पट्टी, आता येत नाही, नवा घ्या. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण असा अनुभव मला एकाच कंपनीचा आलेला नाही.

मी पंखा उघडला. मोटर ठणठणीत. बेअरिंग गुळगुळीत. चुंबक जिथल्या तिथं. कार्ड मात्र काळ्या राळेत बुडवलेलं, विटेसारखं घट्ट. आत काय आहे ते दिसेना. मी गुरुजींच्या पंख्याचं कार्ड आठवलं. ते उघडं होतं. न्यूट्रल तुटून घरात जास्त व्होल्टेज घुसलं होतं, तर समोरची निळी टिकली, म्हणजे व्हॅरिस्टर, फुटून पडली होती आणि शेजारचा फ्यूज उडाला होता. दोघांनी स्वतः मरून मागचं सगळं वाचवलं होतं. वीस-पंचवीस रुपयांचे दोन भाग बदलले आणि पंखा फिरला. तसंच इथेही झालं असणार असं मला वाटत होतं, पण राळेखाली हात पोचत नव्हता.

दोन संध्याकाळी लागल्या. हेअर ड्रायरसारख्या गरम हवेच्या बंदुकीनं राळ थोडी थोडी मऊ करायची, बांबूच्या काडीनं खरवडायची, लोखंड लावायचं नाही. चार-पाच वेळा काडी मोडली. एका कोपऱ्यात शेवटी ती टिकली दिसली, मधोमध काळी पडलेली. फ्यूजही गेलेला होता, आणि एक कपॅसिटर, म्हणजे कार्डावरचा छोटा कंडेन्सर, डोक्यावर फुगलेला. तिन्ही मिळून साठ रुपयांच्या आतले. पंखा सुरू झाला. बाईंनी मजुरी विचारली तेव्हा मी दोनशे सांगितले. दोन संध्याकाळींचे दोनशे. असं काम मी रोज करू शकत नाही, कुणीच करू शकत नाही.

राळ घालण्यामागे कारण आहे, तेही सांगायला हवं. आमच्याकडे उघड्या कार्डावर मुंग्या वारूळ करतात, पालीची पिल्लं शिरतात, पावसाळ्यात दमट हवेनं गंज चढतो. राळेनं ते थांबतं. मला राळेबद्दल तक्रार नाही. पण मग ते कार्ड सुटं विका, रास्त भावानं विका, आणि पंखा विकणं थांबवल्यावरही काही वर्षं विकत राहा. फ्यूज आणि व्हॅरिस्टर राळेच्या बाहेर ठेवा, म्हणजे वीज कडाडली तर गावातला कुणीही बदलू शकेल. तीन तारांची जोडणी सगळ्यांनी सारखी ठेवा. ज्यांनी सेन्सर काढून टाकायची युक्ती काढली त्यांना हे अवघड नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू झालं. घरगुती उपकरणं त्यात आहेत. मी ते पोर्टल उघडून बघते. माझी इच्छा एवढीच आहे, की त्यावरून बार्शीतल्या माझ्या टेबलापर्यंत एखाद्या पंख्याच्या कार्डाचा नकाशा यावा.

कारण पंखा घेताना तो माणूस दहा वर्षांचा हिशोब करून घेत असतो. जुना पंखा अण्णांनी तीन-तीनदा भरून एकाच घराला तीस वर्षं चालवलाय. पंख्याची किंमत विकत घेतलेल्या दिवशी ठरत नाही, तो शेवटचा बंद पडतो त्या दिवशी ठरते. चाळीस वॅट वाचवणारा पंखा तीन वर्षांत भंगारात गेला, तर शिवणकाम करणाऱ्या बाईला तो परवडला असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

अण्णांचं सांगायचं राहिलं. पहिली दोन-तीन वर्षं ते बीएलडीसी पंख्याला हातच लावत नव्हते. पंखा आला की न बघता माझ्या टेबलाकडे बोट दाखवायचे. भरायला येणारे पंखे कमी होत चालले होते आणि ते त्याबद्दल काही बोलत नव्हते. मलाच ते बघवत नसे.

एकदा मी दुकानात नसताना एक घाईतला माणूस असाच पंखा ठेवून गेला. मी परत आले तर अण्णांनी बॉडी मांडीवर घेतली होती आणि ते ती हातानं सावकाश फिरवत होते, डोळे मिटून. तीन तारा सुट्या सोडल्या होत्या. मग त्यांनी तिन्ही तारांची टोकं एकत्र पिळली आणि परत फिरवून बघितली.

"हितं बघ," ते म्हणाले. "तारा सुट्या असल्या की हलकी फिरती. जोडल्या की जड. चिखलात फिरवल्यावानी."

मी हात लावला. खरंच, चिखलात फिरवल्यासारखी जड, आणि सगळीकडून सारखी जड. हातानं फिरवलं की मोटर स्वतःच वीज तयार करते, तारा जोडल्या की ती वीज तिलाच अडवते. तीनपैकी एखादी कॉइल तुटलेली असती, तर जडपणा सारखा लागला नसता, मध्येच सुटला असता. मीटर नाही, वीज नाही, काही नाही. हे त्यांना मी शिकवलं नव्हतं, कुणीच शिकवलं नव्हतं.

"वाइंडिंग चांगलंय," अण्णा म्हणाले आणि पंखा माझ्याकडे सरकवला. "तुझं कार्ड गेलंय."

आता प्रत्येक बीएलडीसी पंखा आधी त्यांच्या मांडीवर जातो.